भाऊ म्हणतो, तुम्ही देवाच्या घरचे नाही

पत्र, थोडक्यात:

"माझा बाप्तिस्मा मी तान्ही असताना झाला, भावाचाही. आम्ही एकाच मंडळीत वाढलो. चार वर्षांपूर्वी तो दुसऱ्या सहभागितेत जाऊ लागला आणि तिथे पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून तो म्हणतो, तुमचा बाप्तिस्मा खरा नाही, तुमची मंडळी मेलेली आहे, तुम्ही नावाचे ख्रिस्ती. आईलाही तोंडावर म्हणाला, 'तुझं तारण झालेलं नाही.' वर्षभर घरी जेवायलाही आलेला नाही. विचारलं की मत्तय १०:३४ दाखवतो. इकडे आमच्या मंडळीतही पाळकांच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन तट पडलेत. प्रभुभोजनाच्या रविवारी उपदेश संपला की निम्मे लोक उठून जातात. मी मागच्या बाकावर बसते आणि कोणाच्या नजरेला नजर देत नाही. मी मंडळी सोडू का? भावाशी कसं बोलू? आई रोज रात्री विचारते, 'माझं काय होईल गं?' तिला काय सांगू? खरं तर हाच प्रश्न माझाही आहे."

प्रिय भगिनी,

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे. म्हणून आधी तोच प्रश्न घेऊ; भाऊ, बाप्तिस्मा, मंडळी हे त्यानंतर. त्याचं उत्तर मनात पक्कं झाल्याशिवाय भावासमोर बसलात, तर त्याच्याकडून दाखला मागायला आल्यासारख्या बसाल. आणि तो दाखला देणं त्याच्या हातात नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात (१:१२-१३) लिहिलंय की ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्याच्या नावावर विश्वास ठेवला, त्यांना त्याने देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला. लगेच पुढे म्हटलंय की हा जन्म रक्ताने झालेला नाही, देहाच्या इच्छेने किंवा माणसाच्या इच्छेने झालेला नाही, तो देवापासून झालेला आहे. ख्रिस्ती घरात जन्मलं म्हणून कोणी आपोआप देवाच्या घरचं होत नाही, हे भावाचं म्हणणं इथे बरोबर आहे आणि ते मान्य करायला कचरू नका. पण त्याच वचनाप्रमाणे एका मंडळीतून उठून दुसरीत जाऊन बसल्यानेही कोणी घरचं होत नाही.

पौल हीच गोष्ट दत्तकाच्या उपमेने सांगतो. 'दत्तकपणा' यासाठीचा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात पाचच वेळा आलाय आणि पाचही वेळा त्याच्याच पत्रांत: रोमकरांस तीनदा, गलतीकरांस एकदा, इफिसकरांस एकदा. रोमी लोकांत दत्तक म्हणजे बहुधा मोठा, जाणता पुरुष वारस म्हणून घरात घेणं. औगुस्त कैसराने तिबिर्याला इ. स. ४ मध्ये दत्तक घेतलं, तेव्हा तिबिर्य चाळिशी ओलांडलेला होता. नवं नाव, नवं घर, नवा वारसा. हे ठरवायचं बापाने. घरातल्या आधीच्या मुलांचा त्यात कौल घेतला जात नसे. रोमकरांस ८:१५-१६ या प्रकाशात सावकाश वाचा. आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो आणि आपण देवाची मुलं आहोत अशी साक्ष आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर देतो. त्या वाक्यात साक्षीदार दोनच आहेत. भावाचं नाव त्यात नाही, पाळकांचंही नाही.

आता लूक १५ मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला मुलगा बघा. धाकटा परत आल्यावर तो बापाला 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो (३०). बाप उत्तर देताना शब्द बदलून त्याच्याच हातात ठेवतो: 'हा तुझा भाऊ' (३२). आणि हे बोलायला बाप मेजवानी सोडून बाहेर आलेला आहे. तुमचा भाऊ आज थोरल्यासारखा बोलतोय असं तुम्हाला वाटेल, आणि तसं वाटण्यात चूक नाही. पण तुमच्या मूळ पत्रात एका ठिकाणी 'त्या लोकांनी त्याला बिघडवलं' असंही वाक्य आहे. त्या क्षणी थोरल्याच्या जागी तुम्ही उभ्या आहात. हे मी टोचायला लिहीत नाही. या भांडणात ती जागा फार पटकन बदलते, आणि बोलायला बसण्याआधी आपण कुठे उभे आहोत हे माहीत असलेलं बरं.

मत्तय १०:३४ कडे येऊ. 'मी शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो' हे वचन एकटं काढून दाखवलं की धारदार लागतं. तो अध्याय सोळाव्या वचनापासून वाचा. लांडग्यांमध्ये मेंढरं पाठवावीत तसं मी तुम्हांला पाठवतो. लोक तुम्हांला न्यायसभांच्या हाती देतील. भाऊ भावाला मरणासाठी धरून देईल. तलवार शिष्याच्या हातात दिलेली नाही, ती शिष्यावर येणार आहे. गेथशेमाने बागेत एका शिष्याने खरोखर तलवार उपसली, तेव्हा येशूने ती म्यानात घालायला लावली (मत्तय २६:५२). लूकाने हाच उपदेश लिहिताना 'तलवार' हा शब्द वापरलाच नाही, तिथे 'फूट' असा शब्द आहे (१२:५१). आणि मत्तयात ३२-३३ या वचनांत फुटीचं कारण दिलंय: माणसांसमोर ख्रिस्ताला पत्करणं किंवा नाकारणं. तुमच्या घरात ख्रिस्ताला नाकारलंय कोणी? आईने नाही, तुम्ही नाही, भावाने तर नाहीच. ज्या भांडणाविषयी हे वचन आहे, ते तुमच्या घरात झालेलंच नाही.

आणखी एक. 'मुलगा बापाविरुद्ध, मुलगी आईविरुद्ध' हे शब्द मीखा ७:६ मधले आहेत. संदेष्टा मीखा तिथे आपल्या काळाचं दुखणं सांगतोय: अधिकारी लाच मागतात, शेजाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही, घरची माणसंच वैरी झाली आहेत. घर तुटल्याबद्दल तो रडतोय. त्या वचनाचा आधार घेऊन कोणी आईच्या घरी जेवायचं सोडत असेल, तर तो मीखाच्या विलापातून परवानगी काढतोय. उलट, जे लोक देवाला अर्पण केल्याचं निमित्त सांगून आईबापांची जबाबदारी टाळत होते, त्यांना येशूने कडक शब्दांत झापलं आहे (मार्क ७:९-१३). वधस्तंभावरूनही त्याने आईची सोय लावली (योहान १९:२६-२७). हे वाद जिंकण्याचं हत्यार म्हणून भावावर फेकू नका. त्याने विचारलं तरच दाखवा.

बाप्तिस्म्याचा वाद एका पत्रात मिटणार नाही. शतकानुशतकं मिटलेला नाही. पण तो नीट मांडता आला की त्यातलं विष कमी होतं. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या (कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन) घराण्यांच्या बाप्तिस्म्यांकडे बोट दाखवतात: लुदिया आणि तिचं घराणं, तुरुंगाचा अधिकारी आणि त्याची माणसं (प्रेषितांची कृत्ये १६), स्तेफनाचं घराणं (१ करिंथ १:१६). शिवाय कलस्सै २:११-१२ मध्ये बाप्तिस्मा आणि सुंता एकत्र आल्यात, आणि सुंता तर आठव्या दिवशी होत असे. फक्त विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या (बॅप्टिस्ट, ब्रदरन, बहुतेक पेंटेकॉस्टल) प्रेषितांची कृत्ये २:४१ दाखवतात: ज्यांनी वचन स्वीकारलं त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी विश्वास, मग पाणी. प्रामाणिकपणे सांगायचं तर नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि विश्वासणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाचा पुढे मोठेपणी बाप्तिस्मा झाल्याचाही नाही. दोन्ही बाजू मधली जागा अनुमानाने भरतात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. 'तू पुन्हा बाप्तिस्मा घेतलास' असं त्याला म्हणू नका. त्याच्या समजुतीने त्याने पहिल्यांदाच घेतला. 'पुन्हा' म्हटलं की त्याला वाटतं तुम्ही त्याच्या आज्ञापालनाची थट्टा करताय. आणि त्याने 'खरा बाप्तिस्मा' म्हटलं की तुम्हाला वाटतं आईबापांनी तुम्हाला देवाच्या हाती दिलं तो दिवस त्याने पुसला. दोघांचे शब्द दोघांना कापतात. तुम्ही 'तुझा मोठेपणीचा बाप्तिस्मा' म्हणा, त्याला 'तुमचा बाळपणीचा बाप्तिस्मा' म्हणायला सांगा. एवढ्याने संभाषणाचा निम्मा ताप उतरतो.

'तुमची मंडळी मेलेली, म्हणून तिथला बाप्तिस्मा खोटा' हा युक्तिवाद मात्र वेगळा आहे आणि फार जुना आहे. इ. स. ३०३ नंतरच्या छळात उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्माधिकाऱ्यांनी भिऊन पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. पुढे डोनाटिस्ट म्हणून ओळखल्या गेलेल्यांनी म्हटलं की अशांच्या हातून झालेलं काहीच धरू नये. मंडळीने दिलेलं उत्तर असं होतं: बाप्तिस्मा देणाऱ्याचा नसतो, ज्याच्या नावाने देतात त्याचा असतो. ३१४ मध्ये आर्ल इथल्या धर्मसभेने ठरवलं की दुसऱ्या पंथातून येणाऱ्याचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देऊ नये. तुमच्या पाळकाचा उत्साह कमी असेल, मंडळीत भांडणं असतील. त्यामुळे तुमच्या कपाळावर घेतलेलं नाव बदलत नाही.

आता भावाशी बोलण्याविषयी. सगळ्यात आधी जेवण. तुमच्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट बाप्तिस्म्याची नाही, तो वर्षभर ताटावर आला नाही ही आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. काही यहूदी माणसं आली तसा तो बाजूला सरकला, बर्णबाही ओढला गेला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर अडवलं, कारण हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही (गलती २:११-१४). पेत्राने शिकवण एका शब्दानेही बदलली नव्हती, तो फक्त पंगतीतून उठला होता. म्हणून भावाला आधी जेवायला बोलवा, आणि त्या जेवणात धर्माचा विषय काढायचा नाही असं आधीच ठरवा. उपासनेला चल असं म्हणू नका. तो त्याला डाव वाटेल.

निरोप छोटा असावा. असा काहीसा: "अरे, आईला तुला बघायचंय, मलाही. शनिवारी जेवायला ये. बाप्तिस्मा, मंडळी यांतलं काहीही मी त्या दिवशी काढणार नाही, तूही काढू नकोस. त्यावर मला तुझ्याशी बोलायचंय, पण वेगळ्या दिवशी, आपण दोघंच." एवढंच. वचनं जोडू नका, 'प्रभु तुला सद्बुद्धी देवो' जोडू नका, आणि हा निरोप नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका. रागात आणि चारचौघांत पाठवलेल्या पत्राने काय होतं ते बघायचं तर १०५४ साल घ्या. १६ जुलैला पोपच्या प्रतिनिधींनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या चर्चमध्ये, उपासनेच्या वेळी, वेदीवर बहिष्काराचा लेख ठेवला. ज्या पोपने त्यांना पाठवलं, तो नववा लिओ एप्रिलमध्येच वारला होता. समोरूनही बहिष्काराला बहिष्काराने उत्तर आलं. पश्चिमेकडची आणि पूर्वेकडची मंडळी आधीपासून दुरावत होतीच, एका कागदाने सगळं तुटलं असं नाही. पण ते परस्पर बहिष्कार दोन्ही बाजूंनी रद्द व्हायला ७ डिसेंबर १९६५ उजाडावं लागलं: ९११ वर्षं.

दुसरं बोलणं, खऱ्या विषयाचं, आईच्या अपरोक्ष करा. फोनवर नको, उपासनेहून आल्या आल्या नको. एक तास, एक विषय. आधी त्याला बोलू द्या आणि मधे तोडू नका. मग त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा आणि 'असंच ना?' विचारा. तो 'हो, अगदी असंच' म्हणेपर्यंत स्वतःचं काही मांडू नका. बहुतेक बोलणी इथेच फसतात. आपण समोरच्याच्या मताला उत्तर न देता आपल्या मनातल्या त्याच्या चित्राला उत्तर देत बसतो. त्याला मनापासून विचारा: 'तुला तिथे असं काय मिळालं, जे आपल्याकडे नव्हतं?' तो कदाचित सांगेल की तिथे रोज वचन वाचलं जातं, आजारपणात लोक घरी येऊन प्रार्थना करतात, त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं जे खरं असेल ते खरं म्हणा. 'नावाचे ख्रिस्ती' हे शब्द लागतात, कारण त्यात कुठेतरी थोडं तथ्य असतं, आणि ते मान्य केल्याने तुम्ही हरत नाही.

मग तुमचं म्हणा, तीन वाक्यांत. तू माझा भाऊ आहेस आणि ख्रिस्तातही भाऊ आहेस असं मी मानते. तुझ्या बाप्तिस्म्याला मी नावं ठेवणार नाही. आईच्या तारणाचा निकाल तू द्यायचा नाहीस. तिसऱ्या वाक्यावर तो अडेल. त्याला मत्तय १३ मधला निदणाचा (गव्हातल्या तणाचा) दाखला माहीत असेलच: चाकर म्हणतात, आम्ही निदण उपटू का? धनी म्हणतो, नको, त्याबरोबर गहूही उपटाल. कापणी करणारे वेगळे आहेत. हे शांतपणे म्हणा आणि थांबा. त्याने उत्तर दिलं नाही तरी चालेल.

उठण्याआधी दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. तोही ती म्हणतो, तुम्हीही म्हणता. यात कोणाचाच विवेक आड येणार नाही. मत्तयातली प्रार्थना म्हणताना लक्ष द्या: 'आमच्या स्वर्गातील पित्या', 'आमची रोजची भाकर', 'आमची ऋणं', 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस'. 'मी' आणि 'माझं' तिच्यात एकदाही येत नाही.

मत न जुळता हे बोलणं संपेल, असंच धरून चाला. १५२९ मध्ये मारबुर्ग इथे लुथर आणि झ्विंगली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही बरंच जुळलं, पण प्रभुभोजनात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त कशा रीतीने असतं यावर अडलं ते अडलंच. तरी त्याच कलमात त्यांनी लिहून ठेवलं की आपला विवेक परवानगी देईल तितकी ख्रिस्ती प्रीती दोन्ही बाजूंनी एकमेकांवर करावी आणि देवाकडे योग्य समज मागावी. पुढे दोन्ही बाजू ते पाळू शकल्या नाहीत, ही दुःखाची गोष्ट. पण वाक्य चांगलं आहे. तुमच्या दोघांच्या उपयोगाचं आहे.

आता तुमची मंडळी. करिंथात 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा)' असे तट पडले होते, आणि या तिघांनी ते पाडल्याचं पौल कुठेही म्हणत नाही. त्याने तर देवाचे आभार मानले की आपण तिथे क्रिस्प, गायस आणि स्तेफनाचं घराणं सोडून फारशा कोणाला बाप्तिस्मा दिला नाही (१ करिंथ १:१४-१६), नाहीतर त्याचाही झेंडा झाला असता. तुमच्याकडे तट 'पाळकांच्या बाजूचे' आणि 'विरोधातले' असे पडलेत, पण भांडण कशावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तिथल्या बऱ्याच लोकांनाही ते एका वाक्यात सांगता येणार नाही. आधी ते शोधा. पैशाचं असेल तर त्याला प्रार्थनासभा नको, हिशोब हवा: समितीला लेखी पत्र, खजिनदाराकडून जमाखर्च, वार्षिक सभेत प्रश्न. पौलाने यरुशलेमसाठी मदत पाठवताना मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर दिली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८:१८-२१). हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं कोणी म्हणालं तर हा उतारा पुढे करा. शिकवणीचं असेल तर 'त्यांचा उपदेश पटत नाही' असं मोघम नको. कोणतं वाक्य, कोणत्या रविवारी, कोणत्या वचनाविरुद्ध, ते लिहून काढा. आणि स्वभावाचं असेल (बहुधा तेच निघतं), तर कलस्सै ३:१३ शिवाय माझ्याकडे उपाय नाही: एकमेकांचं सहन करा, क्षमा करा. याला वेळ लागतो.

मत्तय १८:१५-१७ मधल्या पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात आणि उलट्या क्रमाने चढल्या जातात. पहिली: अपराध करणाऱ्याकडे एकट्याने जा. दुसरी: एक-दोघांना बरोबर घे. तिसरी: मंडळीला सांग. प्रत्यक्षात सुरुवात 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून दहा जणांना सांगण्याने होते आणि ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्याला शेवटी कळतं. दुसऱ्या पायरीवर आपल्या बाजूची माणसं नेऊ नका. अनुवाद १९:१५ प्रमाणे ते साक्षीदार आहेत; दोघांचाही ज्यांच्यावर विश्वास आहे असे निवडा. शेवटी 'तो तुला विदेशी आणि जकातदार यांच्यासारखा होवो' असं आहे. येशू जकातदारांच्या घरी जेवायला बसत असे, हे लिहिणाऱ्या शुभवर्तमानात मत्तय स्वतः जकात नाक्यावर बसलेला आहे (९:९), तेव्हा तिथेही दार लावून घेतलेलं नाही. एक अपवाद ठामपणे सांगते: मारहाण, लैंगिक अत्याचार, मुलांना इजा अशी गोष्ट असेल तर पीडित व्यक्तीने एकटीने अपराध्यासमोर जायचं नाही. तिथे आधी सुरक्षितता आणि कायदा. मंडळीची शिस्त त्याच्या आड येता कामा नये.

प्रभुभोजनाच्या वेळी उठून जाणाऱ्यांविषयी. १ करिंथ ११ मधला दोष असा होता की एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. 'अयोग्य प्रकारे' हा शब्द खाण्याच्या रीतीविषयी आहे. 'मी त्या लायकीची नाही' म्हणून मागे राहणाऱ्यांसाठी तो लिहिलेला नाही. पौलाने उपाय काय सांगितला? एकमेकांसाठी थांबा (३३). उठून जाणारा नेमकं उलटं करतो. काही जण मत्तय ५:२३-२४ सांगतील: आधी समेट, मग वेदी. बरोबर आहे, पण ते वचन नीट वाचा. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. आणि शेवटी 'ये आणि दान अर्पण कर' आहे. जाणाऱ्याने परत यायचं आहे.

तुम्ही पुढच्या प्रभुभोजनाला थांबा. मागचा बाक सोडा आणि ज्या गटाशी तुमचं कमी पटतं त्यातल्या एखाद्या बाईशेजारी जाऊन बसा. बोललं पाहिजे असं नाही. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की तिचा हात हातात घ्या. हे अवघड जाईल, पहिल्यांदा हात गार पडतील.

मंडळी सोडावी का? अजून नाही, असं माझं मत. सुवार्ताच बदलली जात असेल (गलती १:८), पाप झाकून पीडितांना गप्प केलं जात असेल, किंवा सगळ्या योग्य वाटा चालूनही तिथे तुम्हाला प्रार्थना करता येत नसेल, तर सोडणं पाप नाही. कंटाळा, दुखावलेलं मन, दुसरीकडचं चांगलं गायन, ही कारणं पुरेशी नाहीत. सोडायचीच वेळ आली तर पाळकांना समोर भेटून सांगा, हातातली कामं पूर्ण करा, चाव्या आणि हिशोब सोपवा, आणि एकट्याच निघा. बरोबर चार घरं घेऊन नका निघू. पौल आणि बर्णबा मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३६-४०). पण पुढे कलस्सै ४:१० मध्ये मार्क पौलाबरोबर आहे, आणि २ तीमथ्य ४:११ मध्ये पौल म्हणतो, त्याला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. या भांडणावरून बर्णबावर चिखल उडवल्याचं एक वाक्य पौलाच्या पत्रांत नाही. परतीचा रस्ता त्यामुळे मोकळा राहिला.

आणि भावाबद्दल धीर सोडू नका. येशूच्या स्वतःच्या घरची माणसं त्याला धरून न्यायला आली होती, तो भ्रमिष्ट झालाय म्हणून (मार्क ३:२१). त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते (योहान ७:५). तेच भाऊ प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये आईबरोबर माडीवरच्या खोलीत प्रार्थना करताना दिसतात. मधल्या काळात येशूने त्यांच्याशी नातं तोडल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

आता आई. ती 'माझं काय होईल गं?' विचारते तेव्हा 'काही होत नाही, झोप' म्हणू नका. तिला खरंच विचारायचं असतं. आणि तिची परीक्षाही घेऊ नका, ती भावाने घेतलीच आहे. तिला विचारा, 'आई, तू येशूला काय म्हणतेस?' ती तिच्या शब्दांत सांगेल, कदाचित एखाद्या जुन्या गीताच्या ओळीत. ते ऐकून घ्या. मग लूक २३:४२-४३ वाचा. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या त्या चोराला बाप्तिस्मा घ्यायला वेळ नव्हता, कुठल्या मंडळीत नाव नव्हतं. त्याने 'माझी आठवण कर' एवढं म्हटलं आणि त्याला त्याच दिवसाचं वचन मिळालं. रोज रात्री तेच वाचलं तरी चालेल. वयस्कर माणसाला रोज नवा उतारा लागत नाही, ओळखीचा लागतो.

रोमकरांस ८:३८-३९ (देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळं करू शकणार नाही) मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून तिच्या उशाशी ठेवा, चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या मोठ्या. शनिवारी भाऊ आला तर तो कागद काढून ठेवू नका. ते वचन त्यालाही पाठ असेल. आईला वाचून दाखव, असं त्याला सांगा.